टॉवेलांवरची बेटं

आमच्या घरात आता एकही टॉवेल
एका रंगाचा उरलेला नाही.
निळ्यावर फिकट डाग, विटकरीवर नारिंगी,
आणि लग्नातल्या हिरव्या जोडीवर तर
अख्खा द्वीपसमूह उमटलाय,
आमचा देश नकाशात खाली खाली
तुटत जातो तसा.
मलमाचं काम आहे ते.
पुळीतले जंतू मारतं
आणि कापडाला लागलं तर रंग पिऊन टाकतं.
औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली होती, पांढरे घ्या.
पांढरे महाग होते.

इवो सोळाचा. मी एक्केचाळीस.
त्याचे कपाळभर, पाठभर.
माझे हनुवटीच्या काठाकाठानं, महिन्याच्या महिन्याला,
बोटीच्या वेळापत्रकापेक्षा पक्के.
मी धक्क्यावर तिकिटं विकते,
सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनिरला जाणारी.
माणसं काचेखालून पैसे सरकवतात
आणि माझ्या हनुवटीशी बोलतात.
"या वयात?" एकीनं विचारलं,
सुट्टे मोजता मोजता.
मी म्हटलं, हो.
परतीचं पण देऊ का?

इवोला सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं.
आजीनं लिंबू, काकानं टूथपेस्ट,
फुटबॉलच्या मास्तरांनी: चॉकलेट सोड.
सोडलं त्यानं. वर्षभर. वाढदिवसालासुद्धा.
मग एका रविवारी न्हाणीचं दार ढकललं
तर तो भांड्यांच्या घासणीनं
कपाळ घासत होता.
सावकाश. करपलेलं पातेलं घासावं तसा.

मी काही बोलले नाही.
टबाच्या काठावर बसले,
हात पुढे केला.
बऱ्याच वेळानं त्यानं घासणी दिली.
"मळ नाही रे हा," एवढंच सुचलं.
बाहेर वारा पत्रे हलवत होता,
तो इथं नेहमीच हलवतो.

डॉक्टर पेर्ला उरिबेंची वेळ मिळायला तीन महिने,
आत गेल्यावर अकरा मिनिटं.
पण त्या अकरा मिनिटांत त्यांनी
इवोच्या डोळ्यांत बघितलं, आधी डोळ्यांत.
रात्री मटारच्या दाण्याएवढं,
पुळीपुरतं नाही, अख्ख्या चेहऱ्याला.
आधी बिघडेल, मग सुधरेल.
बारा आठवडे आरशाला काही विचारू नकोस.
मला वेगळी गोळी, मुळात रक्तदाबाची,
हनुवटीचं ऐकणारी.
आणि दोघांनाही उन्हाचं क्रीम, ढग असले तरी:
या टोकाला आभाळाचं छप्पर विरलंय,
किनाऱ्यावरचा उन्हाचा सिग्नल
थंडीत कुडकुडत जांभळा होतो.

सहावा आठवडा सगळ्यात वाईट.
शाळेच्या फोटोच्या दिवशी इवोला ताप आला.
थर्मामीटर मी मागितला नाही.

सातव्यात कधीतरी, रात्री,
माझ्या दारावर टकटक.
"पाठीला हात पोचत नाही."
पाठमोरा उभा, शर्ट मुठीत,
मान अशी खाली
जणू मी काहीतरी वाचून दाखवणार आहे.
चार वर्षांत त्यानं मला
केसांनाही हात लावू दिला नव्हता.
मी बोटावर मलम घेतलं. गार आहे, म्हटलं.
खांद्याच्या पाखेवरचे लाल, कढत उंचवटे
बोटाला एकेक कळत गेले.
दुखतंय का?
"नाही." मग: "थोडं."
मग कुठल्या तरी आमायाबद्दल,
जी जीवशास्त्राच्या तासाला शेजारी बसते,
आणि तिलाही आहेत,
आणि ती लपवत नाही.
भिंतीकडे तोंड करून तो
वर्षभराचं बोलला.

बारा संपले. कपाळ निवळलंय, निम्मंअधिक.
खळगे राहिलेत दोन, ते राहतील.
पाठीसाठी आता कॅप्सूल म्हणतायत डॉक्टर,
दर महिन्याला रक्त तपासून,
ओठ फुटतील म्हणून बजावून.
माझ्या हनुवटीवर आज सकाळी एक नवा.
इवोनं टोस्ट चावता चावता पाहिला,
"मंगळवारी बसेल," म्हणाला,
अनुभवी माणसासारखा.

काल दानित्सा जेवायला आली होती. हात पुसताना म्हणाली,
अगं, फेकून दे हे टॉवेल.
इवोनं तिच्या हातातून हिरवा घेतला,
टेबलावर पसरला,
फिकट डागांवर बोट ठेवत गेला:
हे नावारिनो. हे डॉसन.
हा एवढासा, काठाला,
याला अजून नाव नाही.